साऊंड कार्ड घेण्यापूर्वी



परीक्षा आटोपून सुट्टी लागली की आमच्या कुटुंबांतून एक प्रश्न दरवर्षी उद्भवतो. मुलाचे म्हणणे असे की, घरच्या संगणकावर गेम खेळताना आवाज चांगला येत नाही, तेव्हा वेगळे साऊंड कार्ड घेऊन द्यावे. वडिलांचे म्हणणे असे की, आवाज येतो आहे ना, मग त्यावर आणखी खर्च कशाला? आई बिचारी दोघांच्या मध्ये सापडते. यंदाही दोन-तीन घरांतून हा वाद आमच्यापर्यंत आला आणि निवाडा आम्ही द्यावा अशी अपेक्षा व्यक्त झाली.

मुलगा हट्टी आहे किंवा वडील कंजूष आहेत, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण तो न्याय नव्हे. मुलाची तक्रार बहुधा खरी असते. मात्र तिच्यावर त्याने योजलेला उपाय पुष्कळदा चुकीचा असतो. रोग्याने औषधाचे नाव सांगितले म्हणून कोणताही शहाणा वैद्य ते लिहून देत नाही; दुखते कोठे, हे तो आधी विचारतो. आवाजाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. आधी दोष ओळखावा, मग पैसा काढावा. या लेखात आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे; परंतु ते नीट सांगण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

संगणकाच्या पोटात आवाज आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. आपल्या कानाला आकडे ऐकू येत नाहीत. त्याला हवेची कंपने लागतात. त्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणे, त्या लहरींना पुरेसे बळ देऊन हेडफोनकडे किंवा स्पीकरकडे पाठविणे आणि मायक्रोफोनमधून आलेला आवाज उलट आकड्यांत बदलणे, ही साऊंड कार्डाची कामे होत.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्यात एक लहानसा भोंगा तेवढा होता. त्यातून ‘बीप’ असा आवाज निघे. १९८७ साली कॅनडातील क्वेबेक येथील संगीताचे एक माजी प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांच्या अ‍ॅडलिब कंपनीने एक कार्ड काढले. त्यावरील यामाहाची चकती एका वेळी नऊ स्वर काढू शके, आणि गेमला संगीताची जोड मिळू लागली. दोनच वर्षांनी, १९८९ साली, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे सिम वाँग हू यांनी ‘साऊंड ब्लास्टर’ हे कार्ड आणले. ते संगीत तर वाजवीच, पण माणसाचा मुद्रित केलेला आवाजही ऐकवी, आणि त्यातच खेळण्याची जॉयस्टिक जोडण्याची सोय होती. १९९२ साली त्याच कंपनीच्या ‘साऊंड ब्लास्टर १६’ने सीडीच्या तोडीचा आवाज घरच्या संगणकावर आणला. त्याच वर्षी अ‍ॅडलिब कंपनीचे दिवाळे वाजले.

त्या काळी कार्ड नसेल तर गेम जवळजवळ मुका असे. म्हणूनच ‘गेम खेळावयाचा तर साऊंड कार्ड हवे’ ही समजूत रूढ झाली, आणि त्या वेळी ती खरीही होती. पुढे काळ बदलला. १९९७ साली इंटेल कंपनीने आणि २००४ साली पुन्हा त्याच कंपनीने अशा पद्धती ठरवून दिल्या की, आवाजाची सर्व सोय संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवरच, बसू लागली. आज दुकानातून घरी येणाऱ्या बहुतेक प्रत्येक मदरबोर्डवर ही सोय असते. पुष्कळदा ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते. म्हणजे मुलगा ज्या वस्तूची मागणी करतो, ती एका अर्थाने घरात आधीच आलेली आहे.

तरीही एक काळ असा होता की वेगळ्या कार्डाला गेममध्ये खास मान होता. १९९८ साली आलेल्या ‘साऊंड ब्लास्टर लाइव्ह’सारख्या कार्डांवर स्वतंत्र प्रक्रियक असे. गुहेतला प्रतिध्वनी कसा उमटावा, बंद खोलीत आवाज कसा घुमावा, याचा हिशेब तो करी आणि संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाचा भार हलका होई. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीने हा मार्ग बंद केला. तेव्हापासून शत्रूची पावले डावीकडून येतात की उजवीकडून, जवळून की दुरून, हा हिशेब गेम स्वतःच मुख्य प्रक्रियकाकडून करवून घेतो. कार्डाच्या वाट्याला तयार झालेला आवाज स्वच्छपणे बाहेर काढणे, एवढेच मुख्य काम उरले. ‘हे कार्ड लावले की पावलांची दिशा कळते’ अशी जाहिरात वाचली म्हणजे हा इतिहास स्मरावा.

आता खोक्यावरील आकड्यांविषयी. कोणी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असे लिहितो, कोणी ३२ आणि ३८४. आकडा मोठा तितका माल चांगला, असे ग्राहकास वाटते. निरोगी तरुण माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारी सीडीची पद्धत ही सगळी मर्यादा व्यापते. १६ बिटांत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजांतील अंतर सुमारे ९६ डेसिबल इतके मावते. डोक्यावर पंखा फिरत असताना आणि अंगणात कोंबडा आरवत असताना त्याहून अधिक अंतराचा उपयोग कोण करणार? जो संगीत मुद्रित करून त्यावर काम करतो, त्याला मोठ्या आकड्यांचा खरा उपयोग आहे. खेळणाऱ्यास तो नाही.

यावरून वेगळे कार्ड सर्वथा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कोठे त्याचा उपयोग होतो आणि कोठे होत नाही, हे आता क्रमाने पाहू.

सर्वांत आधी आपला आवाज कोणत्या वाटेने कानापर्यंत येतो, हे पाहावे. हेडफोनची तार यूएसबीच्या चौकोनी भोकात खोचलेली असेल, तर आकड्यांचा आवाज करणारा भाग त्या हेडफोनमध्येच आहे. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनचेही तसेच. पडद्याच्या मॉनिटरमधून आवाज येत असेल, तर तो एचडीएमआयच्या तारेतून ग्राफिक्स कार्डाकडून आलेला आहे. या तिन्ही प्रकारांत आपण संगणकात कितीही भारी साऊंड कार्ड बसविले, तरी ते बसून राहील. हिरव्या रंगाच्या गोल भोकात, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये, ज्यांची तार जाते, त्यांच्यापुरताच हा प्रश्न आहे. ब्लूटूथविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. त्यात आवाज कानापर्यंत येण्यास उशीर लागतो. सिनेमा पाहताना ही उणीव सांभाळून घेता येते. गेममध्ये बंदूक आधी दिसते आणि बार मागाहून ऐकू येतो. येथे उपाय तारेचा हेडफोन हा आहे, कार्ड नव्हे.

वाट कळली, म्हणजे दोष पाहावा. बहुधा पुढील पाचांपैकी एखादा आढळतो.

पहिला दोष घरघर किंवा चिरचिर ऐकू येणे. माऊस हलविला किंवा गेम सुरू झाला की हा आवाज वाढतो. पेटीच्या पुढच्या बाजूचा जॅक एका लांब तारेने मदरबोर्डला जोडलेला असतो. ती तार ग्राफिक्स कार्डाजवळून जाताना तेथील विजेची गडबड उचलते. एका घरी आम्ही हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. मुलाने कार्डाची किंमत काढून ठेवली होती, वडिलांनी नकाराची कारणे काढून ठेवली होती. हेडफोनची पिन पुढून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातली, तोच घरघर थांबली. दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. प्रत्येक घरी इतक्या स्वस्तात सुटका होईल असे नाही. पण ही परीक्षा फुकट आहे, तेव्हा ती आधी करावी. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घरघर थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत आहे.

याच ठिकाणी एक गंभीर सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. आमच्या खेड्यांतील कित्येक जुन्या घरांत विजेच्या बोर्डाला अर्थिंग नसते, किंवा असलेले निकामी झालेले असते. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीस हात लावला असता झिणझिण्या येत असतील, तर तो आवाजाचा प्रश्न राहिला नाही. तो जिवाचा प्रश्न झाला. ताबडतोब जाणकार वायरमनला बोलावून अर्थिंग करवून घ्यावे. घरघर घालविण्यासाठी पिनेचा जाड पाय तोडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. कार्डासाठी बाजूला ठेवलेले पैसे अर्थिंगला लागले, तर ते सत्कारणी लागले असे समजावे.

दुसरा दोष आवाज लहान येणे. सर्वसाधारण गेमिंग हेडफोनचा विद्युत्‌-रोध १६ ते ६४ ओहमच्या आसपास असतो आणि मदरबोर्ड तो सहज चालवितो. पण काही चांगले हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात. त्यांना अधिक जोर लागतो. असा हेडफोन घरात असेल आणि आवाज पूर्ण वाढवूनही तो क्षीण येत असेल, तर मुलाची मागणी रास्त आहे. त्याला स्वतंत्र कार्ड किंवा हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर हवा.

तिसरा दोष दिशा न कळणे. आपण आवाजाची दिशा ओळखतो ती मुख्यतः दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यात जे अंतर पडते त्यावरून आणि दोन कानांतील त्याच्या लहानमोठेपणावरून. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. कानाच्या पाळीचा आकारही पुढचे-मागचे ओळखण्यास साहाय्य करतो. गेम हाच सगळा हिशेब गणिताने करतो. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये हेडफोनची निवड केलेली आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा गेममधील त्रिमिती आवाज, विंडोजमधील त्रिमिती आवाज आणि हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधील ‘७.१’ असे तिन्ही एकाच वेळी चालू ठेवलेले असतात. तीन स्वयंपाकिणींनी एकाच आमटीत मीठ घातल्यासारखे ते होते. तिन्हींपैकी एकच ठेवावा. गेमचा स्वतःचा असेल तर तोच. हेडफोन उलटा घातलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. हसू नका; डावे-उजवे दाखविणारी अक्षरे बारीक असतात.

चौथा दोष आपले बोलणे सोबत्यांना ऐकू न जाणे. मोबाईलसाठी केलेल्या हेडफोनच्या एकाच पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. तिच्यात ऐकणे आणि बोलणे दोन्ही येते. संगणकावर मात्र पुष्कळदा हिरवा जॅक ऐकण्यास आणि गुलाबी बोलण्यास, असे दोन वेगळे असतात. तेथे एकाचे दोन करणारी छोटी जोडतार लागते, आणि ती अगदी स्वस्त मिळते.

पाचवा दोष जॅकच झिजणे किंवा तुटणे. पिन हलविली की आवाज येतो आणि जातो. हेडफोन दुसऱ्या यंत्रावर नीट चालत असेल, तर दोष जॅकचा आहे. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याचे कारण नाही. यूएसबीत खोचण्याचे, बोटाएवढे बाह्य साऊंड कार्ड मिळते. ते घेतले की काम भागते.

एवढे सर्व करून दोष राहिलाच, तर कार्ड अवश्य घ्यावे. ते दोन प्रकारचे असते. एक पेटीच्या आत बसणारे, दुसरे यूएसबीने बाहेरून जोडण्याचे. घरगुती उपयोगास आम्ही बाहेरचे पसंत करतो. पेटीतील विजेच्या गडबडीपासून ते दूर राहते. आज या संगणकाला, उद्या लॅपटॉपला लावता येते. आणि संगणक जुना झाला तरी ते टाकावे लागत नाही. क्रिएटिव्हच्या ‘साऊंड ब्लास्टर प्ले ३’सारखे लहान साधन तुटलेल्या जॅकसाठी पुरते, जोरकस हेडफोनसाठी त्याच कंपनीचे ‘जी ६’ किंवा त्या जातीचे दुसरे साधन पाहावे लागते. ही नावे केवळ उदाहरणादाखल आहेत. अमुकच घ्या असा आमचा आग्रह नाही.

आत बसणारे घ्यावयाचेच असेल, तर आधी पेटी उघडून पाहावी. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची मोकळी खाच आहे काय, आणि असल्यास ती जाडजूड ग्राफिक्स कार्डाखाली झाकली गेलेली नाही ना? जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी कित्येक नावाजलेली कार्डे जुन्या पीसीआय पद्धतीची असतात. नव्या मदरबोर्डवर ती बसतच नाहीत, आणि बसली तरी आजच्या विंडोजसाठी त्यांचे चालक सॉफ्टवेअर मिळेलच असे नाही. ज्या मुलाला गिटार वाजवून किंवा गाऊन ते मुद्रित करावयाचे आहे, त्याने गेमचे कार्ड घेऊच नये. त्या कामासाठी ऑडिओ इंटरफेस नावाचे वेगळे साधन असते. त्यात मोठा मायक्रोफोन आणि गिटार थेट जोडता येतात. आमच्या गायनमंडळांतील तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

ज्यांच्या घरी यांपैकी कोणताच दोष नाही, पण आवाज सुधारावा अशी इच्छा आहे, त्यांनी सारा पैसा हेडफोनवर घालावा. शंभरांतील नव्वद घरी ऐकू येणारा फरक तेथेच पडतो, असे आम्ही निःसंकोच म्हणू. साधा मदरबोर्ड आणि चांगला हेडफोन यांचा संसार सुखाचा होतो. भारी कार्ड आणि रद्दी हेडफोन यांचा होत नाही. हेडफोन घेताना दुकानात तो निदान दहा मिनिटे डोक्यावर ठेवून पाहावा. कान दुखतात काय? चष्म्याची काडी दाबते काय? ज्यांच्या घरी एकाच खोलीत सगळे बसतात, त्यांनी मागून बंद असलेला घ्यावा. मागून उघड्या जातीतून आवाज मोकळा येतो खरा, पण तो घरभर ऐकू जातो. आजीच्या जपमाळेच्या वेळी गोळीबार चालल्यावर घरात काय होईल, हे आम्ही सांगावयास नको.

शेवटी जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती. जोरकस कार्ड म्हणजे कानात अधिक जोराचा आवाज घालण्याची सोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित समजले जाते. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. मोठ्या माणसासही ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १०, ८९ला ५, ९२ला अडीच. आणि ९८ डेसिबलला संबंध आठवड्यात ४० मिनिटेही उरत नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात चौदा अभ्यास आणि पन्नास हजारांहून अधिक लोक यांचा विचार केला आहे. गेम खेळणारे ज्या पातळीवर आवाज ठेवतात, ती पुष्कळदा या सुरक्षित मर्यादेच्या जवळ जाते किंवा ती ओलांडते, असे त्यात आढळले. गेला तो कान परत येत नाही. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा तरुण मित्रांनो, आवाजाची पातळी खोली शांत असताना ठरवा आणि गोंगाट सुरू झाला म्हणून ती वाढवू नका. हेडफोन घातलेला असताना आईने शेजारून नेहमीच्या स्वरात मारलेली हाक मुळीच ऐकू आली नाही, तर आवाज कमी करा. तासाभराने हेडफोन उतरवून कानांना विसावा द्या. खेळून उठल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर ती धोक्याची घंटा समजा आणि घरी सांगा. लपवू नका.

आणि पालकांनो, एक आठवडाभर मुलाबरोबर बसून वर सांगितलेल्या परीक्षा करा. तो काय ऐकतो ते स्वतः हेडफोन घालून ऐका. मागचा जॅक, सेटिंग, दुसऱ्याकडून मागून आणलेला हेडफोन, एवढ्या तीन गोष्टींत बहुतेक घरांचा वाद मिटेल असा आमचा अंदाज आहे. न मिटल्यास खरा दोष तुम्हां दोघांनाही कळलेला असेल. मग बेळगावच्या, पणजीच्या वा इंदूरच्या दुकानात गेल्यावर दुकानदार सांगेल ते ऐकत न बसता आपल्याला काय हवे ते तुम्हीच त्याला सांगाल. वस्तू परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावयास तेवढे विसरू नका.